हललं तर सगळ्यांचं हलेल

ऑफिसात तिला सगळे स्प्रिंगताई म्हणत. नाव प्रेमाचं होतं, निदान ठेवलं तेव्हा तरी. टायरच्या दुकानावरच्या त्या छोट्याशा मोशन ग्राफिक्स स्टुडिओत जे काही डुलायचं, लवलवायचं, थरथरायचं, ते फिरून फिरून शेवटी तिच्याच टेबलावर यायचं. बँकेच्या जाहिरातीतलं नाणं टुणकन जमिनीवर पडलं की त्याची ती शेवटची थरथर तिची. शाळेच्या फिल्ममधल्या मुलीनं मान वळवली की मागून येणारी वेणी आणि वेणीच्याही मागून आळसावत येणारी रिबीन, तीही तिचीच.

"बस थांबली हे कोणीही दाखवेल," ती नव्या माणसाला सांगायची. "पण बस थांबल्यावर आतली माणसं पुढे गेली, मग मागे आली, मग सावरली, हे दाखवलं की बस खरी वाटते. मुख्य हालचाल म्हणजे नवरदेव. मजा असते ती वऱ्हाडात."

त्या वऱ्हाडाला नाचवायला कॉम्प्युटरला तीन गोष्टी सांगाव्या लागत: वजन किती, ओढ किती, आणि हलून झाल्यावर निवायला वेळ किती. पुढचं गणित यंत्र करी. पण ते तीन आकडे कुठले टाकायचे, हे तिच्या बोटांत होतं. इतरांनी टाकले की कानातला डूल दगडासारखा तरी लोंबे, नाहीतर माशी चावल्यासारखा तडफडे.

ती स्वतः अंगानं भरदार होती. शाळेत ढब्बू होती, कॉलेजात रोडरोलर. नात्यातल्या बायका म्हणत, "गुणी आहे हो, पण..." त्या 'पण'च्या पुढे कोणी जात नसे, जायची गरजच नव्हती. या सगळ्यावर तिनं एक उपाय शोधून काढला होता. दुसऱ्यानं हसायच्या आत आपणच हसायचं. खुर्ची करकरली की तीच म्हणे, "खुर्चीबाई, धीर धरा." लोक हसत, विषय संपे. असं करत करत तिला तो स्वतःचा स्वभावच वाटू लागला होता.

तर एके दिवशी स्टुडिओला लिफ्टच्या कंपनीचं काम मिळालं. स्टुडिओचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणत, ते खुशीत होते. माणूस वाईट नव्हता. फक्त क्लायंटचा फोन आला की ते उभे राहून बोलत, एवढाच काय तो दोष. त्यांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं आणि स्क्रिप्ट वाचून दाखवली.

जुनी लिफ्ट. आत चार माणसं. दार बंद होणार तेवढ्यात एक लठ्ठ बाई घाईघाईनं आत शिरते. लिफ्ट धपकन खाली बसते. बाईचं पोट हलतं, हनुवटी हलते, दंड हलतात, आणि हलतच राहतात. बझर वाजतो. चौघं तिच्याकडे बघतात. बाई मान खाली घालून बाहेर पडते. मग नवी लिफ्ट येते, मोठी, चकचकीत. 'आता सगळ्यांना जागा.'

"त्यांच्या मॅनेजरांचं खास म्हणणं आहे," सर म्हणाले, "की हलणं एकदम भारी झालं पाहिजे. सगळा विनोद त्या हलण्यावर आहे. म्हणून मी म्हटलं, आमच्याकडे स्प्रिंगताई आहे. काळजीच सोडा."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या आणि लगेच कागदावर गेल्या. नेहमीप्रमाणे तीच म्हणाली, "चला, माझ्या इतक्या वर्षांच्या साधनेचं चीज झालं." सगळे सुटल्यासारखे हसले.

त्या हसण्यानं सरांना धीर आला. "मग रेफरन्सला तूच चालून दाखव ना," ते म्हणाले. "बाहेरून कशाला माणूस आणायचं?"

त्यात तसं वावगं नव्हतं. स्टुडिओत कोणतीही हालचाल करायची तर आधी कोणीतरी ती करून दाखवी आणि दुसरा मोबाईलवर टिपून घेई. तिनं यापूर्वी बदक होऊन दाखवलं होतं, फुटलेला नळ होऊन दाखवलं होतं. ती कॉरिडॉरमध्ये गेली. खालून टायरचा वास येत होता. टोपीनं मोबाईल धरला. टोपी म्हणजे स्टुडिओचा डिझायनर. एसी थेट त्याच्या डोक्यावर होता म्हणून तो बारा महिने लोकरीची टोपी घालून बसे. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, थांबली, वळली.

"अजून एकदा, जरा घाईघाईनं," टोपी म्हणाला. ती पुन्हा चालली.

जेवणानंतर ती पाण्याची बाटली भरत होती, तेव्हा फोन थरथरला. ऑफिसच्या ग्रुपवर टोपीनं क्लिप टाकली होती. ती चालत होती, आणि प्रत्येक पावलाला 'बोइंग' असा स्प्रिंगचा आवाज होता. बोइंग, बोइंग, बोइंग. वळताना एक लांबलचक बोऽऽइंग. खाली हसरे चेहरे. रिसेप्शनच्या बाईचा, हिशेबनीसाचा. सगळ्यात शेवटी सरांचाही एक.

बाटली भरून वाहायला लागली तरी तिचा हात नळावरून निघाला नाही. आपणही एक हसरा चेहरा टाकावा म्हणून अंगठा सवयीनं पुढे गेला. आणि तिथेच अडला. का कोण जाणे, पण त्या दिवशी तो अंगठा काही केल्या खाली टेकला नाही.

संध्याकाळी घरी आली तेव्हा आई पाय लांब करून गुडघ्याला शेक देत बसली होती. लेकीचा बांधा आईचाच. तिनं काय घडलं ते सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जगाचं तोंड कुठे धरणार आहेस? मूग गिळायचे आणि पुढे जायचं."

"तू जातेस पुढे?"

"म्हणजे?"

"मागच्या महिन्यात दवाखान्यात काय झालं? आपण आधी लिफ्टमध्ये शिरलो होतो. मागून तो माणूस आला, दोन खोकी घेऊन. बझर वाजला. कोणी तुझ्याकडे बघायच्या आत तू बाहेर."

"अगं, जाऊ दे. एवढ्याशा गोष्टीवरून—"

"दुखऱ्या गुडघ्यानं तीन मजले चढलीस, आई. गुडघाच दाखवायला गेलो होतो आपण."

शेकाची पिशवी आईनं दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. मग जरा वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "खोकी बरीच मोठी होती मेली."

रागाचं असं असतं की तो स्वतःसाठी येत नाही, पण आईसाठी येतो. स्प्रिंगताईला तो आला, आणि आला तो चांगला मुक्कामाला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहाचे कप घेऊन बसले होते. तिनं भिंतीवरचा मोठा स्क्रीन लावला आणि टोपीची क्लिप त्यावर चालवली. बोइंग, बोइंग. मोठ्या स्क्रीनवर, मोठ्या आवाजात. कोणी हसलं नाही. टोपीनं कपात बघितलं.

"काम कोणाचं आहे?" तिनं विचारलं.

"ताई, गंमत होती गं," टोपी म्हणाला.

"गंमत कळली. काम चुकलंय, ते सांगतेय." तिनं क्लिप थांबवली आणि एकेक फ्रेम पुढे नेऊ लागली. "हे बघ, पाऊल इथे टेकलं. तुझा आवाज आत्ताच वाजला. पण पोट अजून खालीच यायचंय. ते इथे आलं, बघ, दोन फ्रेम उशिरानं. आणि इथे निवलंसुद्धा. एका झोक्यात. वजनदार गोष्ट उशिरा हलते आणि मुकाट्यानं थांबते. तू जो आवाज लावलास तो रिकाम्या डब्याचा आहे. भरलेला डबा असा वाजत नाही."

कोणाला कुठे बघावं कळेना. आपल्याच चालीकडे ती अशी बोट दाखवून बोलत होती, जसं एखादी नदी नकाशावर दाखवावी. मान खाली न घालता स्वतःला चालताना बघायची तिची ही पहिलीच वेळ होती. आपण चालतो छान, हे तिला तेव्हाच दिसलं. वळण तर झकास होतं. बाकीच्यांनी हे कधी बघितलं नसेल, पण तिनं तरी कुठे बघितलं होतं?

"आणि आता," ती म्हणाली, "तुमची पाळी."

"कसली?"

"लिफ्टमध्ये माणसं पाच आहेत. लिफ्ट धपकन बसणार. मग एकीचंच हलून कसं चालेल? रेफरन्स पाचही जणांचा हवा." तिनं कोपऱ्यातलं बुटकं स्टूल ओढून मध्ये ठेवलं. "यावरून खाली उडी मारायची. एकेकानं. सर, तुम्ही आधी."

"मी?" सर म्हणाले.

"बाहेरून कशाला माणूस आणायचं?"

सरांनी उडी मारली. टोपीनं मारली. हिशेबनीसानं चष्मा काढून ठेवून मारली, तर ती म्हणाली, चष्म्यासकट मारा, चष्मा हवाय मला. मग तिनं ते सगळं त्याच मोठ्या स्क्रीनवर सावकाश चालवलं. टोपी हाडकुळा, पण जमिनीवर टेकताच त्याचे गाल खालच्या खाली गेले आणि डोळ्यांपर्यंत वर आले. सरांचा टाय छातीवर दोनदा आपटला.

"हे काय हलतंय?" सरांनी पुढे वाकून विचारलं.

"कान आहे, सर. तुमचाच."

या वेळी सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं हिशेबनीस हसला. सर हसले नाहीत. ते बराच वेळ नकळत कानाला हात लावून बघत होते.

पुढचे काही दिवस ती मान वर न करता कामाला लागली. तिनं पाचही पात्रांना मांस दिलं. एका कृश म्हाताऱ्याचा कंठमणी, सुटाबुटातल्या माणसाचे गाल आणि टाय, एका तरुणीचे डूल, हिशेबनीसावरून काढलेल्या गृहस्थाचा नाकावर नाचणारा चष्मा. लिफ्टची स्प्रिंग एकच ठेवली आणि सगळ्यांना तिच्यावर सोडून दिलं. लठ्ठ बाईला तिनं तिचं खरं वजन दिलं, एक ग्रॅम कमी नाही. बाई आत आली, लिफ्ट बसली, बाई एकदा खाली गेली, वर आली, आणि उभी राहिली. तिच्याभोवती चार माणसं मात्र ताटातल्या वाटाण्यांसारखी नाचत होती. बझर वाजला. चौघांनी बाईकडे बघितलं, गाल सावरत, चष्मा सावरत. बाईनं चौघांकडे बघितलं. आणि ती उतरलीच नाही. लिफ्टच रुसून बंद पडली.

लिफ्ट कंपनीचा मॅनेजर बघायला आला तो टाय घालूनच. सडपातळ, टापटिपीचा माणूस. खोलीत अंधार केला, फिल्म चालवली. सुरुवातीला तो खुदकन हसला. सुटातल्या माणसाचे गाल वर गेले तसं त्याचं हसू अर्धवट राहिलं.

"हे काय आहे?" दिवे लागल्यावर तो म्हणाला. "सगळेच हलताहेत."

"हो," स्प्रिंगताई म्हणाली.

"मॅडम, हलायचं फक्त बाईनं होतं."

"लिफ्ट हलली ना, सर? लिफ्टला माणसं वेगवेगळी कळत नाहीत. हललं तर सगळ्यांचं हलेल."

"अहो, पण विनोद त्या बाईवर आहे!"

"तो तुम्ही केलाय. लिफ्टनं नाही केला." तिचा आवाज चढला नव्हता. "जुनी लिफ्ट खराब आहे, असंच सांगायचंय ना तुम्हाला? मग खराब लिफ्ट दाखवा. माणसं तिच्यात हिंदकळतात, ते दाखवलंय मी. तुमच्या स्क्रिप्टमध्ये लिफ्टचा दोष बाईच्या माथी मारलाय. चोर सोडून संन्याशाला फाशी. असं असेल तर नवी लिफ्ट विकताच कशाला? बारीक होण्याच्या गोळ्या विका."

सरांनी डोळे मिटून घेतले.

मॅनेजर उठला. कोटाचं बटण लावत तो सरांना म्हणाला, "मला स्क्रिप्टप्रमाणे फिल्म पाठवा. आणि पुढच्या वेळी क्रिएटिव्ह लोकांना मीटिंगला बसवू नका." निघताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

तो गेल्यावर सर तिच्या टेबलाशी आले. "तू मला अडचणीत आणलंस."

"मला माहीत आहे."

"एक शॉट आहे, बाई. काही सेकंदांचा. करून टाक आणि विसरून जा."

"मी आजवर तेच केलं, सर. कोणी हसायच्या आत मीच हसायचे. बझर वाजला की दर वेळी मीच का उतरायचं, हे कोणी विचारलं नाही, मीही नाही. आता विचारलंय, तर उत्तर मिळाल्याशिवाय मी ते करणार नाही. फाइल उघडी आहे, आकडे लिहिलेले आहेत. ज्याला करायचंय त्यानं करावं. मी आड येणार नाही. पण माझ्या हातानं ते होणार नाही."

"आणि मी काढून टाकलं तुला तर?"

"तर खाली टायरच्या दुकानात विचारीन," ती म्हणाली. "हवा भरलेल्या वस्तूंचा अनुभव आहे मला."

हा विनोद तिचा नेहमीचाच होता, पण या वेळी तिनं हसून त्याची धार काढून टाकली नाही. सरांनाही हसू आलं नाही.

काम टोपीकडे गेलं. त्यानं चौघांना पुतळ्यांसारखं उभं केलं आणि बाईच्या पोटाची ओढ सैल सोडली. मॅनेजरला हलणं भारी हवं होतं म्हणून अजून सैल सोडली. पोट हललं, मग जास्त हललं, मग थांबायचं विसरलं. तिसऱ्या झोक्याला ते लिफ्टच्या भिंतीतून बाहेर गेलं आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावरून फिरून आलं. टोपीनं आकडे बदलले. पोट गोठलं. पुन्हा बदलले. पुन्हा भिंतीबाहेर. तिला पलीकडून सगळं दिसत होतं. एक आकडा सांगितला असता तर काम झालं असतं. ती आपल्या स्क्रीनकडे बघत राहिली.

शेवटी टोपी खुर्ची सरकवून तिच्याकडे आला. तिला वाटलं, आकडा विचारतोय. पण तो म्हणाला, "ताई, ती क्लिप मी काढून टाकली ग्रुपवरून."

"बरं."

"चुकलंच माझं."

"हो, चुकलं." ती एवढंच म्हणाली. 'जाऊ दे रे, गंमत होती' हे वाक्य जिभेवर तयार होतं, वर्षानुवर्षांचं पाठ. तिनं ते गिळलं. टोपी सरांच्या केबिनमध्ये गेला. आत तो काय बोलला ते तिला कळलं नाही. पण बाहेर आल्यावर त्यानं बाईची फाइल बंद केली आणि दुसरंच काम उघडलं.

फिल्म दाखवायची तारीख तोंडावर आली आणि स्टुडिओकडे द्यायला तिच्या फिल्मशिवाय दुसरं काही नव्हतं. सरांनी तीच पुन्हा पाठवली. पाठवताना उभे राहिले नाहीत, असं रिसेप्शनच्या बाईनं नंतर सांगितलं.

दोन दिवसांनी मॅनेजरचा फोन आला. सरांनी तो स्पीकरवर टाकला. झालं असं होतं की मॅनेजरनं फिल्म आपल्या ऑफिसात लोकांना दाखवली आणि लोक हसून हसून लोटपोट झाले, विशेषतः टायवाल्या माणसाला. "मी पहिल्यापासून म्हणत होतो," मॅनेजर सांगत होता, "लिफ्ट हलते तर सगळेच हलले पाहिजेत. ती कल्पना क्लिक झाली. फक्त शेवट बदला. बझर वाजल्यावर बाईला उतरवा. तिथे थोडी सहानुभूती मिळते."

सरांनी तिच्याकडे बघितलं. ती खुर्चीतून उठून फोनपाशी आली.

"नमस्कार सर, मी बोलतेय. कल्पना तुमची असेल तर असू दे, त्यावर मी भांडत नाही. पण बाई उतरणार नाही."

"मॅडम, पुन्हा तेच?"

"पुन्हा तेच. उतरवायचंच असेल तर टायवाल्याला उतरवते. करू?"

पलीकडे खुर्ची करकरली. मग मॅनेजर म्हणाला, "नको. राहू दे आहे तसं." आणि फोन ठेवला.

फिल्म लागली. दुकानांतल्या टीव्हींवर, पेट्रोल पंपांवरच्या पडद्यांवर, सिनेमाच्या आधी. लोक हसले आणि विसरले; जाहिरातीचं दुसरं काय होतं? एका गृहस्थानं कंपनीला पत्र लिहून टाय घालणाऱ्यांची टिंगल केल्याबद्दल निषेध नोंदवला, असं ऐकायला आलं. स्प्रिंगताईला ते पत्र फार आवडलं.

मात्र लिफ्ट कंपनीनं पुढचं काम दुसऱ्या स्टुडिओला दिलं. कारण विचारलं तर मॅनेजर म्हणाला, तुमच्याकडच्या बाई फार बोलतात. सरांनी हे तिला सांगितलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. ती तेव्हा लहान मुलांच्या कार्यक्रमासाठी एका कोंबड्याचं काम करत होती. कोंबडा ऐटीत मान टाकायचा आणि त्याच्या मागून तुरा यायचा. तुरा मनासारखा येत नव्हता, फार आज्ञाधारक झाला होता.

"मोठं काम गेलं," सर म्हणाले.

"हं."

"तुला काहीच वाईट वाटत नाही?"

तिनं तुऱ्याची ओढ जराशी सैल केली आणि कोंबडा पुन्हा चालवून बघितला.

"त्यांना वाटू दे की थोडं," ती म्हणाली. "दर वेळी मीच का?"